सुतारकामाची जुनी हत्यारे : पारख आणि खरेदी

धुळे जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावच्या साप्ताहिक बाजारात, कांदे-लसणाच्या ढिगांपलीकडे आणि तयार कपड्यांच्या पालांअलीकडे, जमिनीवर गोणपाट अंथरून बसलेला जुन्या लोखंडाचा एखादा विक्रेता बहुधा आढळतो. त्याच्यापुढे कुलपे, कडी-कोयंडे, सायकलचे पाने, पकडी, बिजागऱ्या असा संमिश्र पसारा मांडलेला असतो. त्यातच कोठेतरी मूठ नसलेली पटाशी, दाते झिजलेली करवत आणि गंजाने तांबूस झालेला एखादा रंधा पडलेला दिसतो. येणारे-जाणारे तो पायाने बाजूला सारतात. वास्तविक त्या सबंध पसाऱ्यात सर्वांत मोलाची वस्तू तीच असण्याचा संभव असतो.

शासकीय योजनेच्या माहितीचे काम आटोपून परतताना अशाच एका बाजारात काही काळ थांबण्याचा योग आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून सुतारकामाचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेला एक तरुण हत्यारे पाहत उभा होता. जवळ चार हजार दोनशे रुपये. हंगामात कापूस वेचणीची मजुरी करून आईने व त्याने मिळून साठविलेली ही रक्कम. त्याला एका फर्निचरच्या दुकानात काम मिळत होते, परंतु हत्यारे स्वतःची हवीत अशी मालकाची अट होती. दुकानातील नव्या, चकचकीत, प्लॅस्टिकच्या मुठींच्या संचाकडे त्याचे मन ओढ घेत होते. त्याच्यासोबत त्याच्याच गावचे एक वृद्ध मिस्त्री आले होते. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याच्या खिशात एक लहानशी कानस. तरुणाने चमकदार पटाशी उचलताच मिस्त्री अहिराणीत म्हणाले, "चमक नको देखू भाऊ, पोलाद शे का ते देख."

या एका वाक्यात जुन्या हत्यारांच्या खरेदीचे सारे शास्त्र आले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गंज हा वरवरचा दोष असून तो घासून जातो. पोलाद मात्र मुळातच नसेल, तर ते घासून येत नाही.

प्रस्तुत लेखकाला हा धडा पैसे मोजून मिळालेला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. लोखंड आणि पोलाद यांतील भेद मला पुस्तकापुरता ठाऊक. काही वर्षांपूर्वी सुटीच्या दिवशी घरी लाकूडकाम करण्याची हौस जडली आणि एका मोठ्या शहराच्या जुन्या बाजारातून मी आरशासारख्या चकाकणाऱ्या तीन पटाश्या मोठ्या आनंदाने आणल्या. बाभळीच्या पहिल्याच तुकड्यावर तिन्हींची धार कागदासारखी वळली. नंतर एका लोहाराने त्या पाहून सांगितले की, हे साधे मऊ लोखंड असून त्यावर केवळ पॉलिश चढविलेले आहे. त्या पटाश्या आज माझ्या घरी रंगाच्या डब्यांची झाकणे उघडण्याच्या कामी येतात.

हत्यारे येतात कोठून?

जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा खानदेश हा कापसाचा आणि बैलगाडीचा मुलूख. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान महत्त्वाचे होते, कारण गाडी, नांगर, वखर, तिफण, कोळपे ही सारी शेतीची साधने त्याच्याच हातची. धुऱ्यावरची बाभूळ हे त्याचे नेहमीचे लाकूड. सातपुड्यातील साग घरांच्या दारा-खिडक्यांना लागे. खानदेशच्या कोरड्या रानातील अंजन तर इतका कठीण आणि जड, की त्यावर काम करावयाचे म्हणजे हत्याराची परीक्षाच. अशा लाकडावर आयुष्यभर चाललेली पटाशी किंवा वाकस ही चांगल्या पोलादाचीच असणार, हे उघड आहे.

ट्रॅक्टर आला, लोखंडी पाभर आली, रबरी टायरच्या लोखंडी गाड्या आल्या आणि गावच्या सुताराचे काम कमी होत गेले. मुले शहरात गेली, प्लायवूड आणि विजेच्या यंत्रांवर काम करू लागली. वडिलांची हत्यारांची पेटी माळ्यावर पडून राहिली. जुन्या हत्यारांचा खानदेशातील सर्वांत मोठा साठा आजही बाजारात नसून अशा माळ्यांवरच आहे.

चोपडा तालुक्यातील एका गावी अशाच एका घरी गेलो असता तेथील वृद्ध माउलींना मी विचारले, "आजी, बाबांची हत्यारे आहेत का अजून?" त्या म्हणाल्या, "गेली बाबा. भंगारवाला आला होता, त्याने किलोवर नेली." सतरा किलो भरली होती, हे त्यांच्या चांगले लक्षात होते. त्या सतरा किलोंत तीन वाकसा, रुंद-अरुंद मिळून अकरा पटाश्या, दोन लोखंडी रंधे आणि एक शिकंजा होता. भंगारवाल्याने त्यांना फसविले असे म्हणता येत नाही. त्याने लोखंडाचा चालू भाव दिला. परंतु पोलादाचा भाव त्या व्यवहारात कोणी विचारलाच नाही, आणि बाजारात उभ्या असलेल्या त्या तरुणासारख्या एखाद्या होतकरू कारागिराचा जवळजवळ सबंध संच भट्टीच्या वाटेला लागला.

यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. हत्यारांच्या शोधाचा आरंभ बाजारातून न करता आपल्या व आसपासच्या गावांतील जुन्या सुतारांच्या घरांतून करावा. आणि घरच्या मंडळींशी बोलताना वजनाचा भाव न काढता नगाचा भाव ठरवावा. त्यात त्यांनाही चार पैसे अधिक मिळतात आणि घेणाऱ्यालाही नव्या हत्याराच्या मानाने स्वस्त पडते.

दुसरा साठा जुन्या उद्योगांचा. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथे रेल्वेच्या कारखान्यांतून आणि शेडमधून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर घडले. अमळनेर, धुळे, जळगाव येथील कापड गिरण्यांतही एके काळी सुतारकामाची माणसे असत. निवृत्तांच्या घरी त्यांची स्वतःची हत्यारे असतात आणि ती बहुधा उत्तम प्रतीची व निगा राखलेली असतात. शहरातील भंगाराची दुकाने हा तिसरा मार्ग. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार प्रसिद्ध आहेत खरे, परंतु प्रवासखर्च आणि तेथील व्यापाऱ्यांना आलेली किमतीची जाण विचारात घेता, खानदेशातील गरजू कारागिराने तिकडे धाव घेण्याचे कारण नाही.

पोलादाची परीक्षा

मिस्त्रींनी त्या दिवशी जे केले ते पाहण्यासारखे होते. त्यांनी प्रथम पटाशी दोन बोटांत सैल धरून तिच्यावर नखाने टिचकी मारली. पोलादाला नाद असतो. तडा गेलेले हत्यार बद्द वाजते. मग खिशातील कानस काढून धारेपासून थोड्या अंतरावर, कडेला, अगदी हलकेच एकदा फिरविली. हत्याराला नीट पाणी दिलेले असेल, तर कानस त्यावर लागत नाही, काचेवरून घसरावी तशी घसरते. मऊ लोखंडात ती लगेच रुतते व कीस निघतो. चमकदार पटाशीवर कानस रुतली. शेजारच्या गंजलेल्या, फुटक्या मुठीच्या पटाशीवरून ती घसरली. विक्रेताही हे कौतुकाने पाहत होता. मात्र ही परीक्षा विक्रेत्याची परवानगी घेऊनच करावी आणि धारेवर कधीही करू नये.

जवळपास सहाणयंत्र, म्हणजे विजेवर फिरणारा दगड असेल, तर ठिणग्यांवरूनही पारख होते. कर्ब अधिक असलेल्या पोलादाच्या ठिणग्या दगडापासून निघताच फुलबाजीसारख्या फुटतात, त्यांना अनेक फाटे येतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात व फारशा फुटत नाहीत. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात.

तिसरी खूण डोळ्यांनी दिसते. धारेजवळ निळसर किंवा जांभळट डाग असेल, तर पूर्वीच्या मालकाने यंत्रावर धार लावताना हत्यार तापू दिले आहे असे समजावे. त्या जागेचे पाणी उतरलेले असते व धार टिकत नाही. डाग टोकाशीच असेल तर तेवढा भाग घासून काढता येतो. डाग आत खोलवर गेला असेल, तर हत्यार लोहाराकडे न्यावे लागेल हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

लोहाराचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. धुळे शहराजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. ट्रकची गॅरेजेही त्यामुळे पुष्कळ. ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे हे चांगले कर्बयुक्त पोलाद असून त्यापासून लोहार वाकस, पटाशी, विळे घडवितात. अशा देशी हत्याराला कोणताही शिक्का नसतो, रूप ओबडधोबड असते, परंतु घडविणारा जाणकार असेल तर कामाला ते कोणत्याही नामांकित हत्याराच्या तोडीचे ठरते. पाणी देण्याची रीत थोडक्यात अशी : पोलाद लाल होईपर्यंत आणि त्याला चुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवावयाचे, मग तेलात किंवा पाण्यात बुडवावयाचे. या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून घासून पांढरे करून पुन्हा हलकेच तापवावयाचे. पृष्ठभागावर वाळल्या गवतासारखी पिवळी झाक आली की थांबावयाचे. हा दुसरा टप्पा गाळणारा लोहार काम लवकर देतो, पण त्याच्या पटाशीचे टोक ठोक्यासरशी उडते.

पटाशी, रंधा आणि करवत

पटाशीची सपाट बाजू, म्हणजे पाठ, प्रथम पाहावी. सर्वसाधारण गंजाने काही बिघडत नाही. परंतु पाठीवर धारेलगत गंजाने खड्डे पाडले असतील तर ती घेऊ नये, कारण धार ही दोन गुळगुळीत बाजूंच्या मिलाफाने होते आणि प्रत्येक खड्डा धारेत खाच बनून उतरतो. पाते किती उरले आहे तेही मोजावे. मूठ फुटकी असणे हा दोष मानू नये. उलट किंमत कमी करून घेण्यास ते चांगले निमित्त आहे. बाभळीची मूठ अर्ध्या तासात बसते.

रंध्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. लोखंडी रंधा बिडाचा असतो. बीड वाकत नाही, तडकते. रंध्याच्या तळाला जेथून पाते बाहेर येते त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी आणि बाजूच्या भिंतींवर बारीक तडा आहे का, हे उजेडात धरून पाहावे. तडा झाकण्यासाठी रंग किंवा वंगण फासलेले असते, म्हणून फडक्याने पुसून मगच निर्णय घ्यावा. डाग दिलेला, म्हणजे वेल्डिंग केलेला रंधा फुकट मिळाला तरच आणावा. त्यानंतर गुण्याची कड तळावर आडवी-उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. थोडासा उजेड चालतो. काचेवर सँडपेपर पसरून तळ सपाट करता येतो. सर्व स्क्रू फिरतात का, पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी आणि पाते पुढे-मागे करणारे पितळी चाक आहे का, हेही तपासावे. सुटा भाग नंतर मिळेल अशा भरवशावर राहू नये. तो सहसा मिळत नाही.

लाकडी रंध्यांना आजकाल कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच अल्प भांडवलाच्या कारागिराने त्यांचा अवश्य विचार करावा. त्यांचे पाते जाड असते. त्या पात्याच्या उतरत्या बाजूवर घासून पाहिल्यास पुष्कळदा एक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूचा रंग किंचित गडद, दुसऱ्या बाजूचा फिका. याचा अर्थ मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाचा पातळ पत्रा जोडलेला आहे. हे जुन्या उत्तम कारागिरीचे लक्षण होय. अशा पात्याला धार लवकर लागते आणि ती टिकतेही. मात्र पोलादाचा भाग संपत आला आहे का ते पाहावे, कारण तो संपल्यावर उरते ते केवळ मऊ लोखंड. ठोकळ्याला कीड लागली असेल किंवा घासून-घासून तोंड फार रुंद झाले असेल, तर पाते तेवढे घ्यावे आणि शिसवाचा नवा ठोकळा स्वतः करावा. पूर्वीचे सुतार तेच करीत.

करवत हाती घेऊन एक डोळा मिटून तिच्या पाठीवरून नजर टाकावी. पाते सरळ रेषेत असावे. मग टोक धरून कमानीसारखे वाकवावे व सोडावे. चांगले पाते लगेच पूर्ववत सरळ होते. एकदा मुरड पडलेली करवत कधीही सरळ कापत नाही. दाते बोथट असणे ही किरकोळ बाब आहे. त्रिकोणी कानशीने ते पुन्हा काढता येतात आणि मग एकाआड एक दाता डावी-उजवीकडे किंचित वाकविला की करवत लाकडात अडकत नाही. ओळीने चार-पाच दाते तुटलेले असतील तर मात्र सबंध पाते खाली उतरवून नवे दाते काढावे लागतात. ते काम जाणकाराचे आहे.

गुण्याची परीक्षा सर्वांत सोपी, तरी ती क्वचितच कोणी करतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारावी. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक आहे असे समजावे.

शिकंजा आणि वाइस यांचा आटा पाहावा. दांडा अर्धा फेरा फिरविला तरी जबडा हलत नसेल, तर आटे झिजलेले आहेत. हातोडीचे डोके घ्यावे, दांडा आपला घालावा. कानशी, मोजपट्टी आणि ड्रिलची बारीक पाती जुनी घेऊ नयेत. झिजलेली कानस पुन्हा कानस होत नाही. विजेच्या जुन्या यंत्रांविषयी या लेखात विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की, ज्या यंत्राचे संरक्षक झाकण काढून टाकलेले आहे, ज्याच्या वायरला जागोजागी चिकटपट्ट्या आहेत किंवा जे चालविताच जळका वास येतो, ते कितीही स्वस्त असले तरी त्याची खरी किंमत बोटांनी मोजावी लागते.

शिक्के काय सांगतात?

जुन्या हत्यारांवर पुष्कळदा शिक्के आढळतात. लोखंडी रंध्यावर 'स्टॅन्ले' आणि 'बेली' ही नावे असतील, तर त्याचा आराखडा लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराचा. त्याची पेटंटे स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली घेतली आणि आजही जगभरचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच धर्तीवर बनतात. रंध्यावरील क्रमांक आकाराचा असतो. क्रमांक ४ हा सुमारे ९ इंच लांबीचा सफाईचा रंधा, क्रमांक ५ हा सुमारे १४ इंची सर्वकामी रंधा, तर क्रमांक ७ हा २२ इंची, लांब फळ्यांच्या कडा सरळ करण्यासाठी. एकच घेणे शक्य असेल तर क्रमांक ५ घ्यावा. इंग्लंडमधील शेफिल्डचे 'रेकॉर्ड' आणि 'मार्पल्स' हे शिक्केही चांगल्या मालाचे मानले जातात.

'कास्ट स्टील' असा शिक्का पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो. तो बिडाचा माल नव्हे. अठराव्या शतकात, १७४०च्या दशकात, शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने बंद मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसविली. त्या पोलादाचे हे नाव. मुशीतील पोलाद हे आपल्याकडे नवे नव्हते. दक्षिण भारतातील 'वुट्झ' पोलाद त्याच्या कितीतरी शतके आधी मुशीतच तयार होऊन पश्चिम आशियापर्यंत जात असे. असा शिक्का असलेली पटाशी बहुधा शंभर वर्षांपलीकडची असते. मिळाल्यास सोडू नये.

तथापि केवळ शिक्क्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत. शिक्के खोटेही उठविता येतात. कानशीची परीक्षा नावाला चुकते, पोलादाला चुकत नाही.

एका शिक्क्याबाबत मात्र विशेष दक्षता हवी. भुसावळच्या आसपास रेल्वेच्या खुणा असलेली हत्यारे दिसतात. 'जी. आय. पी.' ही खूण असेल तर ती जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, त्याआधीचा तो माल. परंतु रेल्वेच्या अलीकडील खुणा असलेली हत्यारे कोणी घाईघाईने, पावतीशिवाय विकत असेल तर ती घेऊ नयेत. रेल्वे आपला निकामी माल लिलावाने विकते आणि त्याची कागदपत्रे असतात. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार, चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता कोणाजवळ सापडल्यास, ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे त्यालाच सिद्ध करावे लागते. इतर चोरीच्या मालालाही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. भंगाराच्या दुकानातून घेतलेल्या मालाची साध्या कागदावर का होईना, पण तारीख, वस्तू आणि दुकानदाराची सही असलेली पावती घ्यावी. दोनशे रुपयांच्या रंध्यापायी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची पाळी कोणावर येऊ नये.

गंज आणि धार

घरी आणलेले हत्यार प्रथम रॉकेल किंवा डिझेलने पुसून वंगण काढावे. हलका गंज चिंचेच्या दाट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्याने सुटतो. सकाळी तारेच्या ब्रशने घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विसळून, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. सोड्याच्या पाण्यात न विसळल्यास आंबटपणा आत राहतो व दोन दिवसांत गंज परत येतो. यंत्रावर घासून गंज काढण्याचा मोह टाळावा. त्याने गंज जातो, त्याबरोबर पाणीही जाते.

धार लावण्यासाठी महागडे दगड नसले तरी चालते. जाड काचेचा तुकडा आणि पाण्यात वापरावयाचे २२०, ४००, ८०० क्रमांकांचे पॉलिश पेपर एवढ्यावर उत्तम काम होते. प्रथम पाठ सपाट करावी, मग उतरती बाजू सुमारे २५ अंशांत घासावी आणि अगदी टोकाशी ३० अंशांचा बारीक उतार द्यावा. अंजन किंवा बाभळीसाठी हा कोन थोडा अधिक ठेवल्यास धार जास्त टिकते. उलट बाजूला बोटाला खरखर लागू लागली, म्हणजे कोर उलटली, की पाठीवर एक-दोन हात फिरवून ती काढावी. शेवटी कातडीच्या पट्ट्यावर पाते मागे ओढावे. हातावरचे केस निघाले तर धार लागली, असे मिस्त्री सांगतात. मी स्वतः कागदाच्या कडेवर पाहतो.

थोड्या पैशांचा संच

त्या तरुणाच्या चार हजार दोनशे रुपयांचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. मिस्त्रींनी त्याला त्या दिवशी फक्त दोन पटाश्या आणि एक मूठ नसलेली वाकस घेऊ दिली. रंधा तोंडाशी तडकलेला निघाला, तो परत ठेवविला. "सगळा संच एका दिवसात घ्यायचा नसतो," असे ते म्हणाले. पुढील दोन महिन्यांत, आसपासच्या चार गावांतील घरे धुंडाळून, त्याने १४ इंची रंधा, दोन करवती, आणखी तीन पटाश्या, गुण्या, गिरमिट आणि हातोडीचे डोके जमविले. कानशी आणि मोजपट्टी नवी घेतली. मुठी आणि दांडे मिस्त्रींच्या अंगणात बसले. सर्व मिळून खर्च तीन हजारांच्या आत राहिला. उरलेल्या पैशांत त्याने एक शिकंजा घेतला, तोही जुना.

अशा कारागिरांना शासनाच्या योजनेचाही आधार आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार या दोहोंचा, तसेच हातोडी व अवजारे बनविणाऱ्यांचाही समावेश आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या स्तरावर तिची पडताळणी केली जाते. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर अशी तरतूद असून, पुढे ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत व नंतर दोन लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. हे व्हाउचर नव्या संचासाठी असते. जुनी हत्यारे त्यातून घेता येत नाहीत. म्हणून ज्यांना योजनेचा लाभ मिळणार आहे त्यांनी ज्या वस्तू नव्याच हव्यात, म्हणजे विजेचे ड्रिल किंवा तत्सम यंत्र, त्या योजनेतून येतील अशा बेताने मागणी करावी आणि पटाश्या, रंधे, वाकसा यांचा शोध स्वतंत्रपणे चालू ठेवावा. विद्यावेतनाचे पैसे त्या कामी येतात.

खरेदीच्या वेळेविषयी मिस्त्रींनी सांगितलेली एक गोष्ट राहिली. पावसाळ्यापूर्वी शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीची घाई असते, त्या दिवसांत जुन्या हत्यारांचा भाव चढतो. दिवाळीच्या साफसफाईत आणि आखाजीच्या आधी घरोघरचे माळे उतरविले जातात. भंगारवाला त्या दिवसांत गल्लोगल्ली फिरतो. त्याच्या आधी दोन दिवस आपण फिरावे.